अकरा खिशांचा कोट

सिनेमातल्या त्या पांढऱ्या कोटाला अकरा खिसे आहेत.
पडद्यावर मोजलेत तर सात भरतील.
उरलेले चार मी शिवले, आणि लाझारने
डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, पास केले.

आमच्या मळ्यात तीन आठवडे शूटिंग चाललं.
पिवळ्या भिंतींना आणखी पिवळा रंग दिला,
पांडू मोयेकराच्या सोड्याच्या गाड्यावर
'काफे' अशी पाटी आली आणि पांडू इस्त्रीचा शर्ट घालू लागला.
टोळी चौघांची: तिघे टोपीवाले, एक बाई,
तिच्या छत्रीत (शिवण माझीच) अख्खी पर्स मावते.
हीरो बाहेरचा. दिसायला राजबिंडा,
पण पाकीट उचलायचा परातीतली जिलबी उचलावी तसं.
लाझार म्हणाला, "दोनच बोटं, बाबा.
अंगठा घरी ठेवून ये."

लाझार चाळीस वर्षं बेतीच्या फेरीबोटीवर होता.
खलाशी नव्हे.
"चालत येणाऱ्याला तिकीट नाही," तो सांगायचा,
"म्हणून कुणी पैसे हातात धरत नाही. सगळे खिशात.
सरकारनं केवढी सोय केली माझी."
आता त्याचे हात थरथरतात.
दुकानात आला की शर्टाचं वरचं बटण मीच लावून देतो,
आणि वहीत बघतो:
लाझार, एक पॅंट, शिलाई बाकी, शंभर.
शाई तपकिरी झालीय.

पहिल्या खेळाला दोघांनाही बोलावणं.
अठरा जूनच्या रस्त्यावर बिल्डरचं पाकीट निघतं,
पोदेराच्या टोपलीत उंड्यांखाली निजतं,
तिथून अबोलीवालीच्या ओच्यात, ओच्यातून छत्रीत,
छत्रीतून कोटात, आठव्या खिशात,
तोवर सॅक्सोफोन एकदाही श्वास घेत नाही.
बिल्डर चहा पितो. मिशी पुसतो.
बिल द्यायला खिशात हात घालतो
आणि हाताला लागतो उंडा. गरम.
थिएटर लोळलं.
मी मात्र कोटाच्या डाव्या काखेतला
सैल टाका बघत बसलो.

मध्यंतर. दिवे लागले,
आणि तीनशे माणसांनी एकाच वेळी
आपापला खिसा चाचपला.
लाझारच्या डोळ्यांतून पाणी, हसून हसून.
"पळे मेस्ता, न विचारता पत्ता सांगतात!
उजवा. मागचा. परत उजवा. तो टकल्या, मोज्यात.
आणि तू..."
मी कमरेवरचा हात पटकन काढून घेतला.
"राहू दे," म्हणाला, "आता साधा पॉपकॉर्न धरवत नाही मला."
खरंच सांडला त्याने. माझ्या मांडीवर, सदऱ्यावर, सगळीकडे.
सॉरी सॉरी करत बिचारा वाकून झटकत राहिला.

रात्री फेरीच्या कठड्याशी उभा होतो.
मांडवीत कॅसिनोंचे दिवे वितळत होते.
माझ्या पॅंटच्या पट्ट्यात आतून एक चोरखिसा आहे,
स्वतःच शिवलेला, कुंदालाही न सांगितलेला.
सहज बोट घातलं, तर नोट.
शंभराची. उभी घडी. कोपऱ्यावर हळदीचा डाग.
म्हणजे लाझारने शिलाई फेडली!
इतक्या वर्षांनी, त्या थरथरत्या हातांनी!
गळा दाटून आला.
नदी संपेपर्यंत दाटलेलाच होता.

धक्का आला, साखळ्या खडखडल्या,
आणि मला तो डाग ओळखू आला.
बांगड्यांसाठी सकाळी कुंदानेच दिलेली नोट.
पाकीट उघडून मोजलं.
बरोबर एक कमी.

उद्या दुकान उघडलं की वहीत रेघ मारायची.
बाकी फिटली; कुणाच्या पैशांनी,
असा रकाना माझ्या वहीत नाही.

कुंदाने दार उघडलं. कसा होता सिनेमा?
म्हटलं, काखेत जरा सैल होता.
आणि बांगडे?